नववी ‘ब’ नगरपालिका

शाळेत बत्तीस वर्षं काढली की किस्से जमवावे लागत नाहीत. पोटमाळ्यावर रिकामे डबे साठतात तसे ते साठत जातात. टाकवत नाहीत, आणि एकाला हात लावला की चार अंगावर येतात. आमच्या जुन्या स्टाफमधलं कुणी लग्नाकार्यात भेटलं की चहा येईपर्यंत तिसरा किस्सा झालेला असतो. कुणाकडे प्रयोगशाळेत निघालेली धामण आहे, कुणाकडे स्नेहसंमेलनात पेटलेला पडदा. माझे किस्से मात्र सगळे एकाच वर्षाचे, एकाच वर्गाचे आणि एकाच मशीनचे!

नव्वदीच्या दशकाच्या मधली गोष्ट. अंबरनाथला, उल्हासनगरची हद्द जिथे लागते त्या बाजूला आमची मराठी माध्यमाची शाळा. मी तिथे सामंत सर. इतिहास, भूगोल आणि कुणालाच नको असायचं ते नागरिकशास्त्र माझ्याकडे.

एक आधीच सांगून ठेवतो. मला धक्का बसला की उचकी लागते. लहानपणापासूनचं आहे, औषधपाणी करून झालं. त्या वर्षी मी इतक्या उचक्या दिल्या की नववी ‘ब’ची मुलं माझ्या टेबलावर आधीच पाण्याचा तांब्या भरून ठेवायला लागली.

*

कुणा दानशूर माणसाने शाळेला एक कॉम्प्युटर दिला. एकच. पण रंगीत!

आमचे मुख्याध्यापक वर्तक सर नियमाचे पक्के. त्यांनी त्या कॉम्प्युटरला स्वतंत्र खोली दिली, खिडक्यांना पडदे दिले, दाराबाहेर चपला काढायची पाटी लावली. शिवणाच्या बाईंनी त्याला झालरीचं कव्हर शिवलं. एवढं सगळं झालं आणि चार महिने कुणी तो सुरूच केला नाही. सुरू केला आणि बिघडला तर?

मग दसरा आला. शाळेत शस्त्रपूजन म्हणजे भूगोलाचे नकाशे, प्रयोगशाळेतला तराजू आणि शिपायाची घंटा. त्या वर्षी त्यात कॉम्प्युटरची भर पडली. झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला. ‘उद्घाटन झालंच आहे तर आता सुरू करून बघू,’ असं दसऱ्यानंतर कुणीतरी म्हणालं. बटण दाबलं. मशीन खर्र खर्र असं काहीतरी बोललं आणि गप्प बसलं.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून लछूभाईला बोलावलं. हा सिंधी माणूस रेडिओपासून टीव्हीपर्यंत जे जे म्हणून वायरवर चालतं ते दुरुस्त करायचा. त्याने मशीन उघडलं, फ्लॉपीचा ड्राइव्ह तिरका केला आणि तो तळहातावर झटकला. मग आमच्याकडे असा बघत राहिला की विचारू नका.

‘‘साईं,’’ तो म्हणाला, ‘‘इसके पेट में तो चावल है!’’

अक्षता! पूजा करणाऱ्याने फट दिसली म्हणून भक्तिभावाने आत सोडल्या होत्या. ती माझी त्या मशीनपायी लागलेली पहिली उचकी. पूजा मीच केली होती ना!

*

दुरुस्तीनंतर पडद्याचे रंग नीट दिसतात का हे बघायला लछूभाईने स्वतःजवळची एक फ्लॉपी घातली. पडद्यावर मोकळी जमीन दिसायला लागली. थोडी झाडं, एक नदी.

‘‘गेम है. इसमें गाँव बसाने का. रस्ता डालो, लाईट डालो, लोग अपने आप आयेंगे.’’

त्याने रस्त्याची एक रेघ ओढली. विजेचा एक कारखाना टाकला. एक हिरवा चौकोन ठेवला, तो म्हणजे राहती वस्ती. निळा ठेवला, तो बाजार. पिवळा म्हणजे कारखाने. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या हिरव्या चौकोनात छोटी छोटी घरं उगवली! मी स्टुलावर बसलो तो तासभर उठलोच नाही. नागरिकशास्त्राचं जे पुस्तक वाचताना मला स्वतःला जांभया यायच्या, ते इथे हलत होतं.

मी तडक वर्तक सरांकडे गेलो. म्हटलं, सर, मला यावर नववी ‘ब’ला शिकवायचंय.

‘‘गेमवर?’’

‘‘हो सर.’’

‘‘यात जिंकतं कोण?’’

‘‘कोणी नाही सर. गाव वसवायचं आणि ते चालवत राहायचं.’’

‘‘मग हरतं कोण?’’

‘‘कोणीच नाही.’’

वर्तक सरांनी चष्मा काढला. ‘‘सामंत, ज्यात कोणी पास होत नाही आणि कोणी नापास होत नाही, ते शैक्षणिक कसं?’’

पण माणूस मनाने मोठा. त्यांनी रजिस्टरमध्ये ‘नगररचना प्रात्यक्षिक’ असं लिहिलं आणि मला सांगितलं, ‘‘पालकांची एक तक्रार. एकच. की कव्हर परत चढलं म्हणून समजा.’’

*

एक पडदा आणि चोपन्न मुलं. म्हणून मी वर्गाचीच नगरपालिका केली. चोपन्नच्या चोपन्न नगरसेवक. प्रत्येक गोष्ट हात वर करून ठरवायची, ठरली की एकाने बटण दाबायचं. नगराध्यक्ष झाला महेश शिर्के, जो वर्गात मॉनिटर असतानाही पोटावर हात बांधून चालायचा. ठराव लिहायला कुंदा अहिरे. तिचं अक्षर असं होतं की माझ्या फळ्याला लाज वाटावी. आणि विरोधी बाकावर सुहास म्हात्रे, बदलापूरच्या बाजूच्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा.

पहिल्याच दिवशी महेशने पंधरा-वीस हिरवे चौकोन टाकून दिले. रस्ता नाही, वीज नाही.

मी म्हटलं, ‘‘अरे, आधी रस्ता!’’

‘‘सर, आधी घरं. रस्ता मागून येतो. आमच्याकडे तसंच झालं.’’

‘‘आमच्याकडे पण, सर!’’ अर्धा वर्ग ओरडला.

ठीक आहे म्हटलं. वाट बघितली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. चौकोनात एकही घर उगवेना. रस्ता नाही, लाईट नाही म्हणून त्या गेममधली माणसं राहायलाच येत नव्हती! मागच्या बाकावरून कुणीतरी अगदी खरोखरच्या काळजीने विचारलं, ‘‘सर, ही माणसं कुठली आहेत?’’

मग रस्ता टाकला, वीज दिली, घरं उगवली. तेवढ्यात कुंदाने हात वर केला. ‘‘सर, पाण्याचं बटण कुठंय?’’

मी सगळी बटणं शोधली. ‘‘नाहीये गं. या गेममध्ये पाण्याचा प्रश्नच नाही.’’

एक दिवसाआड, पहाटे, बारीक धारेने पाणी येणाऱ्या गावातली ती चोपन्न मुलं. सगळी माझ्याकडे बघत राहिली. शेवटी सुहास म्हणाला, ‘‘सर, या गावान पोरगी द्याला हरकत नाय!’’

*

शुक्रवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी आणि लाईटलाही. त्यामुळे शुक्रवारी फक्त चर्चा आणि मतदान. एका शुक्रवारी शेवटच्या तासाला महेश शिर्केवर अविश्वासाचा ठराव होता. सुहासने आणलेला.

सकाळी हजेरी घेतो तर अकरा मुलं गैरहजर! आजारपण म्हणावं तर एकदम अकरा? मधल्या सुट्टीत सायकल काढली आणि त्यातल्या एकाच्या घरी गेलो. आई धुणं वाळत घालत होती.

‘‘बंडू कुठाय?’’

‘‘अहो सर, असं काय करता? तुमच्याच सहलीला गेलाय ना!’’

उचकी! सायकल तशीच वळवली. वाटेत डोळ्यांसमोर काय काय आलं ते सांगत नाही. वर्गात येऊन पाहतो तर सुहास शांतपणे डबा खात होता.

‘‘सर, भिऊ नका. जांभूळ गावान आमचे काकाचे मल्यावर हान सगले. टेम्पोनी शेवटचे तासाला आणतो.’’

‘‘अरे, पण नेलंस कशाला?’’

‘‘फुटतील ना सर! आमचे काका निवडून आले तवा त्यांना पन नेलता. चार दिवस महाबलेश्वरला. आमी तर फक्त जांभूळला नेला.’’

मला ओरडायचं होतं, पण उचकीमुळे वाक्यच पुरं होईना. आणि ओरडलो असतो तर शेजारच्या ऑफिसात वर्तक सर होते.

बरोब्बर शेवटच्या तासाला टेम्पो आला. अकराजण रांगेत उतरले, हातपाय धुऊन वर्गात बसले. मतदान झालं. अकराच्या अकरा जणांनी महेशच्या बाजूने हात वर केले! सुहासचा चेहरा बघवेना.

नंतर मी बंडूला कोपऱ्यात घेतला. ‘‘अरे, त्याने नेलं, त्याने जपलं, आणि मत याला?’’

‘‘सर, सुहासच्या काकांकडे सुकट-भात होता,’’ बंडू म्हणाला, ‘‘महेशच्या आईनं मधल्या सुट्टीत रिक्षानं कोंबडी पाठवली.’’

*

जानेवारीत घटक चाचणी झाली. नागरिकशास्त्राचे पेपर तपासायला घेतले आणि थक्क झालो. नगरपालिकेची कर्तव्यं विचारली होती चार, मुलांनी लिहिली होती बारा! एकाने तर कारखान्याच्या धुराने बाजूच्या वस्तीतली माणसं कशी निघून जातात ते नकाशा काढून दाखवलं होतं. मी खूश होऊन पुढे गेलो.

‘शहरात मोठी आग लागल्यास नगराध्यक्ष काय करील?’ या प्रश्नाला तेवीस जणांचं एकच उत्तर. ‘सकाळी सेव्ह केलेले गाव परत उघडील.’

आणि ‘नगराध्यक्षाची मुदत किती असते?’ या प्रश्नाला महेशने स्वतः लिहिलं होतं, ‘लाईट जाईपर्यंत.’

मी अर्धा मार्क दिला. पूर्ण चूक म्हणवेना.

*

आता अहिऱ्यांची गोष्ट सांगायला हवी. ती हसण्यासारखी आहे की नाही हे मला आजही कळलेलं नाही.

मुलांनी गाव वसवलं ते जवळजवळ आपल्याच गावासारखं. मधून नाला, नाल्याच्या कडेने घरांची रांग, पलीकडे वर्कशॉप. गाव वाढलं तशी रस्त्यावर गर्दी झाली. पडद्यावर ती दिसायची, मुंग्यांच्या रांगेसारखी. मग एक ठराव पास झाला. ठराव क्रमांक सतरा, ‘नाल्यालगतची घरे पाडून रस्ता रुंद करणे. अंमलबजावणी सोमवारी.’ कुंदाने तो रजिस्टरमध्ये सुंदर अक्षरात लिहिला आणि रजिस्टर घरी नेलं.

सोमवारी प्रार्थनेच्या आधी स्टाफरूमच्या दारात एक माणूस उभा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत प्लॅस्टिकची फाइल.

‘‘जय भीम, सर. अहिरे. कुंदाचा बाप.’’

उल्हासनगरला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. बोटांच्या पेरांत तेल कायमचं बसलेलं. पण फाइलला एक डाग नाही. त्यांनी ती माझ्यासमोर उघडली आणि एकेक कागद मांडत गेले. रेशनकार्ड. लाईटबिलं, वर्षवार लावलेली. मतदार यादीतलं पान. कुंदाच्या जन्माचा दाखला.

‘‘सर, घर अनधिकृत असेल. माणसं नाहीत. सोमवारचं तेवढं थांबवा.’’

आधी मला कळेचना. मग कळलं, आणि अशी उचकी लागली की शेजारच्या बाईंनी पाणी आणलं. हा माणूस अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. रात्रभर घरात कुणी झोपलं नव्हतं. कुंदा बापाला सांगून थकली होती की हा खेळ आहे, पण रजिस्टरमध्ये ठराव होता, क्रमांक होता, वार होता आणि खाली सही होती!

मी समजावलं. गेम आहे, मुलांचं प्रात्यक्षिक आहे, सगळं कागदावरच आहे.

‘‘सर,’’ ते शांतपणे म्हणाले, ‘‘पहिल्यांदा सगळे असंच सांगतात. कागदावरच आहे म्हणून.’’

नाल्याकाठच्या त्यांच्या चाळीला खरोखरची नोटीस दोनदा लागून गेली होती. ते मला माहीत नव्हतं. माझ्याच वर्गातली मुलगी, आणि मला माहीत नव्हतं! मला माझीच लाज वाटली.

मी त्यांना कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं. त्यांनी चपला बाहेर नीट जोडून ठेवल्या. पडद्यावर गाव आलं.

‘‘यात आमचं कुठलं?’’

नाल्याशेजारचा एक हिरवा चौकोन दाखवला. ते खाली वाकून बघत राहिले.

‘‘आणि पाडायचं?’’

मी बुलडोझरचं बटण दाखवलं. तेवढ्यात तास सुरू झाला आणि नववी ‘ब’ आत आली. अहिरे सरळ उभे राहिले. त्यांनी मला बाजूला केलं आणि मुलांना विचारलं, ‘‘तुमच्यात नगराध्यक्ष कोण?’’

महेश पोटावर हात बांधून पुढे आला. मला वाटलं, हा आता हसणार. तो हसला नाही. त्याने फाइल घेतली आणि कागद तपासायला लागला. रेशनकार्ड बघितलं. लाईटबिलं बघितली. मतदार यादीत बोट ठेवून नाव वाचलं. सगळा वर्ग उभा. कुंदा खाली मान घालून बसलेली.

‘‘सगळे कागद बरोबर आहेत,’’ महेश म्हणाला. मग वर्गाकडे वळला. ‘‘मग आपण पाडत का होतो?’’

सुहास उठला. विरोधी बाकावरचा माणूस, महेशच्या प्रत्येक ठरावाला विरोध करणारा. म्हणाला, ‘‘रस्ता वलवा ना बाजूने. तिथं नुसती झाडाच हान.’’

मतदान झालं. कुंदाचाही हात वर होता. चोपन्न विरुद्ध शून्य. रस्ता नाल्यापाशी वळला.

मी म्हटलं, झालं, अहिरेसाहेब, आता निश्चिंत जा. ते जागचे हलेनात.

‘‘सर, पोच?’’

आमच्या गावात पोच घेतल्याशिवाय काही झालं असं कुणी मानत नाही. मुलांनाही ते पटलं. कुंदाने फुलस्केपवर लिहिलं, ‘नाल्यालगतची सर्व घरे पाडू नयेत, असा ठराव या सभेने एकमताने केला आहे. चोपन्न विरुद्ध शून्य.’ खाली महेशची सही. त्याखाली ‘मार्गदर्शक शिक्षक’ म्हणून माझी. सुहासने खिशातून एक खोडरबर काढला. कर्कटकाच्या टोकाने त्यावर उलटी अक्षरं कोरून त्याने आधीच शिक्का करून ठेवला होता! ऑफिसातून आणलेल्या जांभळ्या पॅडवर दाबून तो उठवला. गोल. ‘नववी ब नगरपालिका’.

दारात वर्तक सर उभे होते. केव्हापासून, देव जाणे. संपलं, असं मला वाटलं. पालक आला, फाइल घेऊन आला, तक्रार झाली. आता कव्हर.

वर्तक सरांनी तो कागद हातात घेतला, दोनदा वाचला. म्हणाले, ‘‘ही तक्रार नाही, सामंत. हा अर्ज आहे. आणि कागद शाळेबाहेर जातोय. जावक नंबर कुठाय?’’

स्वतः ऑफिसात गेले आणि जावक रजिस्टरमध्ये नोंद करून त्यांनी लाल शाईने नंबर टाकून आणला. अहिऱ्यांनी कागद प्लॅस्टिकमध्ये घातला, रेशनकार्ड आणि लाईटबिलांच्या मधे, आणि ते कामावर गेले.

*

ते गाव मार्चमध्ये गेलं.

एका दुपारी लाईट गेले, आले, परत गेले, परत आले. मशीनमधून कुर्र असा आवाज झाला. लछूभाई आला, कान लावून बसला आणि त्याने मान हलवली. ‘‘साईं, हार्ड डिस्क गयी. गाँव गया आपका.’’

‘‘सेव्ह केलेलं?’’ महेशने विचारलं.

‘‘वो भी इसी में था ना, बेटा.’’

दोन मुली रडायला लागल्या. पाच महिने मुलांनी ते जपलं होतं. महेश म्हणाला, ‘‘दोन मिनिटं शांतता पाळू.’’ चोपन्न मुलं मान खाली घालून उभी राहिली.

व्हरांड्यातून नववी ‘अ’चे सर जात होते. त्यांनी खिडकीतून बघितलं आणि वर्गात जाऊन आपली मुलं उभी केली. ते बघून आठवी उभी राहिली. आठवीचं बघून समोरची सातवी. एकेक करत सगळी शाळा उभी! शिपायाला वाटलं, कुणीतरी मोठं माणूस गेलं. त्याने लांब घंटा दिली. मुलं दप्तरं घेऊन आवाज न करता रांगेने घरी निघाली.

वर्तक सर ऑफिसातून धावत बाहेर आले. निम्मी शाळा फाटकाबाहेर गेलेली. त्यांनी एका छोट्या मुलाला धरलं. ‘‘कोण गेलं रे?’’

‘‘माहीत नाही सर,’’ तो म्हणाला, ‘‘पण फार चांगले होते म्हणे.’’

*

त्यानंतर कॉम्प्युटरवर कव्हर चढलं ते चढलंच. मुलं दहावी झाली, पांगली. त्या गावाचं म्हणून जगात काय उरलं असेल, तर अहिऱ्यांच्या फाइलमधला तो एक कागद.

तीनेक वर्षांनी, एका सकाळी, मी वर्गात शिकवत असताना कुंदा दारात आली. कॉलेजात होती तेव्हा. धापा टाकत होती.

‘‘सर, मशीन आलंय.’’

मला वाटलं, नवा कॉम्प्युटर. मग तिचा चेहरा पाहिला.

सायकलवर तिला मागे बसवलं आणि नाल्यावर गेलो. पिवळा बुलडोझर धडधडत उभा. सरकारी जीप, चार पोलीस, चाळीतली माणसं भांडीकुंडी बाहेर काढतायत. एक म्हातारी दारातच बसलेली, उठायचं नाव नाही. आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले अहिरे अतिक्रमणविरोधी पथकाच्या साहेबासमोर जीपच्या बॉनेटवर फाइल उघडून उभे. मी गर्दीत घुसलो आणि दोन माणसांच्या मागे थांबलो.

साहेब मध्यम वयाचा, उन्हाने कावलेला. एकेक कागद उलटत होता.

‘‘हे चालत नाही.’’ रेशनकार्ड गेलं.

‘‘हे पण चालत नाही.’’ लाईटबिलं गेली.

आणि मग त्याचा हात थांबला. प्लॅस्टिकमधून त्याने एक फुलस्केप कागद बाहेर काढला. लांबूनही मला तो जांभळा गोल ओळखता आला. खोडरबराचा शिक्का! सरकारी कामात! आणि खाली माझी सही! नोकरी तर गेलीच, आता पोलीस समोरच उभे आहेत.

‘‘हा कुणाचा शिक्का?’’

‘‘नगरपालिकेचा,’’ अहिरे म्हणाले.

‘‘कुठल्या?’’

‘‘नववी ब.’’

गर्दीत कुणी हसलं नाही. साहेबाने कागद उजेडात धरला. वरपासून खालपर्यंत वाचला. मग परत वाचला. लाल शाईतल्या जावक नंबरवर बोट ठेवलं.

‘‘मार्गदर्शक शिक्षक कोण?’’

मी गप्प राहणार होतो. खरंच राहणार होतो. पण उचकी लागली. एवढी मोठी की पुढची दोन्ही माणसं बाजूला झाली आणि साहेब थेट माझ्याकडे बघायला लागला. मी वर्गात मुलं करतात तसा हात वर केला.

‘‘एकमताने झाला ठराव?’’

‘‘हो... साहेब.’’

‘‘चोपन्न विरुद्ध शून्य? विरोधकसुद्धा?’’

‘‘विरोधकानेच... सूचना मांडली, साहेब.’’

बुलडोझर धडधडत होता. साहेबाने ड्रायव्हरकडे बघून हात आडवा केला. मशीन बंद झालं आणि नाल्याचा आवाज ऐकू यायला लागला.

‘‘माझी एकोणीस वर्षं नोकरी झाली,’’ साहेब म्हणाला. कुणाला म्हणाला, माहीत नाही. ‘‘एकमताने झालेला ठराव आजवर हातात आला नव्हता.’’

त्याने बॉनेटवर कागद ठेवला. खिशातून पेन काढून कोपऱ्यात ‘पाहिले’ असं लिहिलं, सही केली. जीपमधली पेटी मागवली, त्यातून स्वतःचा शिक्का काढला आणि सुहासच्या जांभळ्या गोलाच्या शेजारी, अगदी त्याला लागून, ठप्पकन उठवला. कागद अहिऱ्यांच्या हातात दिला आणि जीपकडे चालायला लागला. पोलीस मागोमाग निघाले. बुलडोझर तोंड फिरवायला लागला. चाळीतल्या माणसांना आनंद करायचा की नाही तेही कळत नव्हतं. कुंदाने माझा हात घट्ट धरला होता.

तेवढ्यात अहिऱ्यांनी मागून हाक मारली. ‘‘साहेब, एक मिनिट!’’

अहो, जाऊ द्या ना त्याला! साहेब जीपच्या पायरीवर थांबला. मागे वळला.

अहिरे कागद पुढे धरून त्याच्यापर्यंत चालत गेले.

‘‘साहेब, तारीख राहिली.’’

साहेब खाली उतरला आणि त्याने तारीख घातली.